गाडी कोण चालवत होतं

पहिल्या शिट्टीला शेजारच्या तंबूतला जर्मन माणूस बाहेर आला. दुसऱ्या शिट्टीला त्याची बायको. तिसऱ्या शिट्टीला दोघं आपापल्या घडीच्या खुर्च्या उचलून काटेरी झाडाच्या पलीकडे गेली आणि तिथून आमच्या कुकरकडे बघत बसली.

"घाबरट आहेत," काकू म्हणाल्या. "एवढ्याशा कुकरला भितात."

काकू म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई. सुनंदा टिपणीस, मुक्काम ठाणे. समोर नामिबियाच्या वाळवंटातल्या लाल टेकड्या होत्या, ज्या बघायला जगभरातून माणसं येतात. काकू त्यांच्याकडे पाठ करून मुगाची खिचडी लावत होत्या. टेकड्यांबद्दल त्यांनी आदल्या दिवशीच निकाल दिला होता: "नुसती वाळूच आहे की."

खरं तर ही सहल आमची दोघांची होती, माझी आणि यशोधनची. साखरपुडा झाला होता, लग्न मे महिन्यात होतं. लग्नाआधी स्वतः गाडी चालवत, तंबूत राहत वाळवंट बघायचं, अशी कल्पना त्याने मांडली आणि मी तिथल्या तिथे हो म्हणाले. माझ्या बाबांचं मिरजेत ड्रायव्हिंग स्कूल आहे. मी तिथल्या खटारा गाड्या चालवतच मोठी झाले, त्यामुळे मोकळा रस्ता म्हटलं की मला दुसरं काही सुचत नाही. पण काकूंच्या कानावर गेल्यावर त्या म्हणाल्या, "लग्नाआधी दोघंच? आणि तेही तंबूत? लोक काय म्हणतील?" नामिबियात चौकशी करायला लोक कुठून येणार, हे मी विचारलं नाही. काका-काकूंची तिकिटं निघाली.

गाडी पांढरी, दणकट, टपावर उघडणारे दोन तंबू असलेली. एक तंबू पुरुषांचा, एक बायकांचा. म्हणजे ज्या सहलीसाठी मी नवीन कपडे घेतले होते, त्या सहलीत मी काकूंच्या शेजारी झोपत होते. शिडी चढताना त्यांचा पाय धरायला मला खाली उभं राहावं लागे. वर पोचल्या की त्या म्हणत, "केतकी, माझी पाण्याची बाटली खालीच राहिली गं."

सहलीचा नेता अर्थातच यशोधन. त्याने निघण्यापूर्वी वाळवंटात गाडी कशी चालवावी याचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की प्रत्यक्ष वाळवंट पाहून तो थोडा नाराजच झाला. त्याने एक रुंद कडांची टोपी घेतली होती आणि ती तो गाडीतही काढत नसे. गाडीच्या भाडेकरारावर दुसरी चालक म्हणून माझं नाव होतं, पण ते इमर्जन्सीसाठी.

"मी चालवू का थोडी?" मी एकदा विचारलं.

"केतकी, ग्रॅव्हलवर चालवणं हे वेगळं सायन्स आहे," तो म्हणाला. "मिरजेत रिक्षांच्या मधून काढणं निराळं."

पुढच्याच वळणावर तो चुकीच्या रस्त्याला लागला आणि बऱ्याच वेळाने ते त्याच्या लक्षात आलं. तेव्हा काकू मागून म्हणाल्या, "अहो, तुम्ही खिडकीशी बसलाय ना? पाटी वाचता येत नाही?"

"हो, माझंच चुकलं," काका म्हणाले.

प्रभाकरकाका पाणीखात्यातून निवृत्त झालेले. शांत, नीटनेटके, शर्टाच्या खिशात पेन. संपूर्ण प्रवासात मी त्यांच्या तोंडून हे एकच वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकलं. पाण्याचा कॅन मागच्या मुक्कामावर राहिला, माझंच चुकलं. तंबूची चेन अडकली, माझंच चुकलं. टेकडीवर वारा सुटला आणि काकूंच्या डोळ्यांत वाळू गेली, तेव्हाही काकूंनी काकांकडेच बघितलं आणि काका पुटपुटले. पहिल्या दिवशी मला त्याचं हसू आलं. गरीब बिचारा सासरा, बरं झालं, मला त्रास नाही, असंही वाटलं.

मग एका सकाळी गॅसची शेगडी रात्रभर बारीक उघडी राहिल्याचं निघालं. सिलिंडर रिकामा. आदल्या रात्री शेवटची कॉफी यशोधनने केली होती, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

"काल शेवटी तिथे केतकी होती ना?" काकू म्हणाल्या.

"नाही काकू, यशोधन कॉफी..."

"कोणाचं का असेना," यशोधन मोठ्या मनाने म्हणाला. "सोडून दे आई. केतकी, पुढच्या वेळी बघत जा."

सुट्टीत वाद कशाला, म्हणून मी म्हणाले, "बरं. सॉरी."

"समजूतदार आहे," काकू काकांना म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान यापूर्वी पाहिलं नव्हतं, साखरपुड्यातही नाही. काका मात्र माझ्याकडे बघत राहिले. मग ते गाडीची काच पुसायला निघून गेले.

त्याच दिवशी आम्ही टेकड्या सोडून पूर्वेला निघालो. रस्ता खडीचा, पन्हाळी पत्र्यासारखा. दोन्ही बाजूंना पिवळं गवत आणि लांब सरळ शिंगांची हरणं. समोरून दुसरी गाडी आलीच, तर ती दिसण्याआधी तिची धूळ दिसायची. आमच्या गाडीत भाड्याने देणाऱ्यांनी एक यंत्र बसवलं होतं. वेग मर्यादेबाहेर गेला की ते टुंटुं वाजायचं आणि तो वेग कुठेतरी नोंदलाही जायचा.

"सारखं काय ते?" काकू म्हणाल्या. "डोकं उठलं माझं."

"थांब," म्हणत यशोधनने गाण्यांचा आवाज वाढवला. यंत्र वाजतच होतं, फक्त आता ऐकू येत नव्हतं.

"यशोधन, हळू घे," मी म्हणाले. "पुढे चढ आहे, पलीकडचं दिसत नाहीये."

"केतकी, प्लीज. कमी वेगात या रस्त्यावर गाडी जास्त थरथरते. बेसिक आहे हे."

चढाच्या माथ्यापलीकडे गाढवांची गाडी होती.

दोन गाढवं, दोन चाकं, वर लाकडाच्या मोळ्या आणि एक बाई, डोक्याला निळा रुमाल बांधलेली. ती अगदी तिच्या कडेने चालली होती. यशोधनने ब्रेक दाबला, आणि खडीवर जे होतं तेच झालं. गाडी त्याचं ऐकेनाशी झाली. आम्ही आडवे घसरत गेलो, आमच्या मागच्या बाजूचा तडाखा तिच्या चाकाला बसला आणि सगळीकडे धूळच धूळ झाली. आम्ही कडेच्या वाळूत रुतून थांबलो. गाणं चालूच होतं.

"यशू, तुला लागलं नाही ना?" मागून काकूंचा आवाज.

मी दार उघडून पळाले. गाढवगाडी उलटली होती. बाई लाकडांच्या बाजूला बसलेली, एक हात दुसऱ्या हातात धरून. मनगट भलतीकडेच वळलं होतं. ती रडत नव्हती, गाढवांकडे बघत काहीतरी ओरडत होती. तेवढ्यात काका माझ्या मागून आले. इतके चपळ ते मला कधी दिसले नव्हते. त्यांनी जू सोडवलं. एक गाढव उठलं, दुसऱ्याला उठता आलं नाही. आम्ही निघेपर्यंत काका त्याच्या मानेवर हात ठेवून बसून राहिले.

यशोधन उतरला आणि प्रथम गाडीच्या मागे जाऊन त्याने पत्रा बघितला.

बाईचं नाव एल्सी. थोडं इंग्रजी तिला येत होतं. गाव पुढे आहे, तिथे दवाखाना आहे, असं तिने सांगितलं. मी माझ्या ओढणीने तिचा हात गळ्यात बांधला. यशोधनच्या हातून किल्ली दोनदा वाळूत पडली. अखेर इमर्जन्सी आली. वाळूत पकड यावी म्हणून मी टायरमधली हवा कमी केली, गाडी वाळूतून काढली, एल्सीला पुढे बसवलं आणि दवाखान्यापर्यंत सावकाश नेली. वाटेत एल्सीने एकदाच विचारलं, "माझ्या गाढवाजवळ कोणी थांबलंय का?" कोणीच थांबलं नव्हतं. मी तसं सांगितलं. तिने मान फिरवली.

दवाखान्यातल्या नर्सने हात बघितला, मोडलाय म्हणाली, आणि पोलिसांना फोन केला. पोलिस चौकी रस्त्यापलीकडेच होती. आम्हाला तिथल्या व्हरांड्यात बसवलं. एल्सीच्या हाताला प्लास्टर घालेपर्यंत थांबायचं होतं.

यशोधन आता सावरला होता. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. पाणी पिऊन तो मला म्हणाला, "तिने बघितलेलं नाहीये."

"काय?"

"चालवत कोण होतं ते. ती नर्सला सांगत होती, मी ऐकलं. धूळ होती म्हणे, काहीच दिसलं नाही."

"मग?"

तो काकूंकडे बघायला लागला. काकू सरकून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. त्या प्रवासात पहिल्यांदाच.

"हे बघ केतकी," त्या म्हणाल्या, "गाडी इथे तूच आणलीस. सगळ्यांनी बघितलंय. करारावर तुझं नाव आहे. मग पूर्ण वेळ तूच चालवत होतीस असं सांगितलं, तर काय बिघडलं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"त्याचं कॅनडाच्या व्हिसाचं काम होत आलंय," काकू म्हणाल्या. "पोलिस केस झाली की सगळं मुसळ केरात. आणि तू बाईमाणूस. बाईला कुठलेही पोलिस फार त्रास देत नाहीत. थोडं रडलीस की झालं."

"यशोधन," मी म्हणाले, "तुझंही हेच म्हणणं आहे?"

"इमोशनल होऊ नको, नीट विचार कर," तो म्हणाला. "आता तुझं-माझं असं काही आहे का? माझं करिअर म्हणजे आपलं करिअर. प्रॅक्टिकली बघ."

"आणि माझं कॅनडाचं? स्वच्छ पोलिस रेकॉर्ड मलाही लागतं."

त्याने याचा विचार केलेला नव्हता. मग त्याने माझ्यासमोरच तो केला आणि म्हणाला, "मी पुढे जातो. तुझं मागाहून करू."

काकूंनी माझा हात थोपटला. "सकाळी कशी सॉरी म्हणालीस पटकन. किती बरं वाटलं मला. घर असंच चालतं गं. कोणीतरी एकाने घ्यायचं असतं."

काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यांच्या पँटवर गाढवाचं रक्त होतं. ते ऐकत होते, हे नक्की.

मग सार्जंट गावासेस आल्या. साठीला आलेल्या, जाड चष्मा, चेहऱ्यावर दिवसभराचा कंटाळा. त्यांनी आम्हा चौघांना आत बोलावलं, स्वतः बसल्या, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

यशोधन छताकडे बघत होता. काकूंनी टेबलाखालून माझ्या गुडघ्याला गुडघा लावला.

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. लग्नाचा हॉल ठरलेला होता, बाबांनी मिरजेतल्या सगळ्यांना तारीख सांगितली होती, आणि मला घरापासून इतकं लांब असल्याची प्रथमच भीती वाटत होती.

तेवढ्यात काका उभे राहिले.

"आय," ते म्हणाले. "आय वॉज ड्रायव्हिंग."

शाळेत बाईंनी विचारल्यावर मूल उभं राहतं तसे ते उभे होते. हात शरीराला चिकटलेले.

सार्जंटबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "लायसन्स?"

काकांनी खिशात हात घातला. पाकीट काढलं, त्यातून एक कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. ते ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र होतं.

"अहो, तुम्ही कशाला मध्ये?" काकू मराठीत खेकसल्या. "तुमचं नाव नाहीये करारावर! सगळा घोळ करून ठेवाल!"

"हो," काका म्हणाले, "माझंच..."

त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही, पण ते कार्डही परत उचललं नाही. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. हा माणूस पहिल्यांदा हे कधी म्हणाला असेल, असं माझ्या मनात आलं. कुठल्या तरी क्षुल्लक गोष्टीवरून असणार. सुट्टीत वाद कशाला म्हणून. आणि कोणीतरी समाधानाने म्हणालं असणार, समजूतदार आहे.

"काका, खाली बसा," मी म्हणाले. मग सार्जंटबाईंना सांगितलं, "यांना गाडी येत नाही. चालवत हा होता, यशोधन टिपणीस. वेग मर्यादेपेक्षा जास्त होता. मी त्याला हळू घ्यायला सांगितलं होतं. त्यानंतर इथपर्यंत मी आणली."

सार्जंटबाईंनी लिहायला सुरुवात केली. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. टिपणीस या आडनावाचं स्पेलिंग तेवढं विचारलं, आणि ते यशोधनने स्वतः सांगितलं.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "लग्नाआधीच नवऱ्याला पोलिसांच्या हवाली केलंस. लग्नानंतर काय केलं असतंस?"

"तो प्रश्न आता उरला नाही," मी म्हणाले आणि अंगठी काढून त्यांच्या हातात दिली. यशोधनला द्यायला हवी होती, पण तो भाड्याच्या गाडीवाल्यांना फोनवर रस्त्याची अवस्था किती वाईट आहे ते सांगत होता.

इतकं बाणेदार बोलून माणसाने तिथून निघून जायचं असतं. माझी अडचण अशी होती, की यशोधनचं लायसन्स चौकीत ठेवून घेतलं होतं आणि त्याला राजधानीत, विंडहुकला, हजर व्हायला सांगितलं होतं. त्या गावातून दुसरं वाहन मिळत नव्हतं. काका-काकूंना गाडी येत नव्हती. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी, नुकत्याच मोडलेल्या लग्नातल्या सगळ्या मंडळींना गाडीत घालून मीच निघाले.

त्याआधी एल्सीला भेटले. तिच्या भाच्याने पडलेल्या गाढवाला रात्रीच गोळी घातली होती. मी सॉरी म्हणाले. "तू चालवत नव्हतीस म्हणे," ती म्हणाली. "मग तू का म्हणतेस?" तिने ओढणी धुऊन ठेवली होती, ती परत दिली.

पुढे शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं. काकू मागे मुलाचा हात धरून बसल्या. शेवटी काका पुढे आले, पट्टा लावायला त्यांना वेळ लागला. रस्ता तसाच होता, खडीचा. मी सावकाश चालवत होते. यंत्र एकदाही वाजलं नाही.

मागे दोघं झोपली तेव्हा मी हळू आवाजात विचारलं, "काका, तुम्ही असं का सांगितलंत?"

ते समोर बघत होते. "सवय," ते म्हणाले.

"तुरुंगात टाकलं असतं तर?"

"मला वाटलं, कोणीतरी लवकर बोलायला हवं. तू बोलणार होतीस. काय बोलशील, याची मला खात्री नव्हती गं. माफ कर."

"मलाही नव्हती," मी म्हणाले.

विमानतळावर त्यांनी माझी बॅग ढकलगाडीवर ठेवायला हात लावला, तर काकूंनी हाक मारली आणि ते गेले.

यशोधनला कॅनडा मिळालाच, दोन वर्षं उशिरा. त्याचं लग्नही झालं. ठाण्यात मात्र आमचं लग्न का मोडलं याची एक निराळीच हकिकत पसरली. मुलगी मिरजेची, बापाचं ड्रायव्हिंग स्कूल, त्याची फार घमेंड. आफ्रिकेत हट्टाने गाडी चालवायला घेतली, भरधाव सोडली, एका गरीब बाईला उडवलं. यशोधन बिचारा सांगत होता, हळू घे. माझी मावशी ठाण्यातच राहते, तिला हे तीन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकायला मिळालं. एका आवृत्तीत बाई मेलीसुद्धा होती. मी खुलासे करायला गेले नाही. कोणाकोणाच्या घरी जाणार?

मग काही वर्षांनी मावशी टिपणीसांच्या नात्यातल्या एका लग्नाला गेली. जेवायला बसली ती नेमकी काकूंच्या समोर. शेजारच्या कोणा बाईंनी विषय काढला. "सुनंदा, तू सुटलीस बाई. ती आफ्रिकेतली काय कमी होती का?"

"नशीब आमचं," काकू म्हणाल्या. "माणसं मारत सुटली असती."

त्यांच्या शेजारी काका जेवत होते. मावशी सांगते, त्यांनी हातातली पुरी ताटात ठेवली.

"गाडी यशू चालवत होता," ते म्हणाले. मोठ्याने, टेबलाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.

"अहो, तुम्हाला काय आठवतंय आता?" काकू हसून म्हणाल्या. "वय झालं."

"मी मागेच बसलो होतो," काका म्हणाले. "मला चांगलं दिसत होतं. यशूच चालवत होता. तू गाणं मोठं करायला लावलंस."

काकूंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. काकांनी वाढप्याला हाक मारली आणि श्रीखंड मागितलं. त्यांना मधुमेह आहे, मावशी म्हणाली, घरात त्यांच्या हातात कोणी साखर पडू देत नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही.